तीन दिवसांची खोली

जवाहरनगर,
सोमवार, दि. २६ मार्च १९८४

तीर्थस्वरूप सौ. सुलोचनाताई यांस वासुदेवचा साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र शनिवारी मिळाले. इकडे सर्व ठीक आहे. दामू नागपूरला आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला आहे, परीक्षेमुळे या महिन्यात आला नाही. माझी स्टोअरमधली नोकरी चालू आहे. दुपारी कॅन्टीनमध्ये जेवतो, कौशल्या गेल्यापासून सकाळ-संध्याकाळ हाताने करतो. पोळी अजून जमत नाही, भात जमतो. केशवरावांचा गुडघा आता कसा आहे ते कळवावे.

चंद्रकांताला तिच्या सासरच्यांनी तुमच्याकडे आणून सोडल्याचे वाचून वाईट वाटले. सख्ख्या बहिणीचा भार तुमच्यावर आला. तिचे पिणे इतके वाढले असेल याची मला कल्पना नव्हती.

तुम्ही लिहिले आहे की पाडव्याच्या आत तिची दारू सुटली पाहिजे, म्हणून गुरुवारपासून तिला धानाच्या कोठीच्या खोलीत तीन दिवस बंद ठेवणार, जसे मी कौशल्याला ठेवले होते तसे. याबद्दल लिहायचे म्हणून आजच पत्र लिहीत आहे. तसे करू नये असे मला वाटते. उन्हाळा लागला आहे, ती खोली कोंदट आहे, एकच झरोका आहे. शिवाय चंद्रकांताची प्रकृती आधीपासून नाजूक. कौशल्याची गोष्ट वेगळी होती.

त्यापेक्षा तिला भंडाऱ्याला आणावे. खांब तलावाकडे ट्रस्टचा जो लहान दवाखाना आहे, तिथे निर्मलाबाई नावाच्या सिस्टर आहेत. त्यांनी मागच्या वर्षीपासून दर गुरुवारी बायकांसाठी वेगळी सोय केली आहे. मी आमच्या दारूबंदी मंडळाचा चिटणीस असल्याने त्यात थोडी धावपळ केली. गुरुवार हा लहान मुलांच्या लसीचा दिवस. त्यामुळे कोणती बाई कशासाठी आली ते कोणाला कळत नाही. बायका त्याला 'सुईचा गुरुवार' म्हणतात. मोहाडीकडची एक म्हातारी सिस्टरांना सांगत होती, "माय, मी बुढ्याले म्हणतो का सुई टोचायले जाऊन राहिलो. तो म्हणते, आता तुही चाळणी झाली असंन, पाणी पेशील त गळून पडन."

हे सुरू करताना मंडळात बरीच बोलाचाली झाली. आमचे अध्यक्ष सोमाजी म्हणाले, "बायकायसाठी येगळं काहून पायजे? बायका कुठं पेतात? बायका त नवऱ्यापायी रडतात." खरोखर आमच्या सभेला येणाऱ्या सगळ्या बायका नवऱ्याच्या नावाने रडायलाच येत. शपथेचा कागदही आम्ही पुरुषांचाच छापला होता. सिस्टर त्यांना म्हणाल्या, "भाऊ, नवरा संगं उभा असला आन् इचारलं, त कोणतीच बाई नाही पेत." आता तिथे असा नियम आहे की बाईला विचारण्याच्या वेळी सोबतच्या माणसाने, मग तो नवरा असो की सासू, बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसायचे. हा नियम कसा झाला ते पुन्हा कधीतरी.

स्त्रियांच्या वॉर्डात खिडकीकडच्या दोन खाटाही आता त्यासाठी ठेवल्या आहेत. येत्या गुरुवारी चंद्रकांताला घेऊन यावे. मी सुटी काढून दवाखान्यात थांबेन. खोलीचा विचार मात्र सोडावा, ही विनंती.

केशवरावांना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
वासुदेव

*

जवाहरनगर,
शनिवार, दि. ३१ मार्च १९८४
सकाळी साडेदहा

सुलोचनाताई,

हे पत्र तेजराम घेऊन येत आहे. तो माझ्याबरोबर स्टोअरमध्ये आहे आणि त्याची सासुरवाडी तुमच्याच गावात आहे, त्याला केशवराव ओळखतात. पत्र हातात पडताच आधी खोलीचे दार उघडा आणि मग पुढचे वाचा.

चंद्रकांताला ताबडतोब भंडाऱ्याला आणा. तेजराम साकोलीहून जीप घेऊनच येईल. ती शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, पाणीसुद्धा नको. फेफरे आले तर एका कुशीवर वळवा आणि हातपाय दाबून धरू नका. दाताखाली चमचा घालू नका. हे मी सिस्टरांकडून लिहून घेतलेले उतरवून देत आहे. अंगात आले असे कोणी म्हणेल, कोणाला बोलावूही पाठवले असेल. त्या माणसाला हात जोडून परत पाठवा. हे देवीचे नाही. रोजची दारू एकदम तोडली की शरीराला असे होते. याच्यावर औषध आहे, पण ते दवाखान्यात आहे आणि वेळेवर द्यावे लागते.

तुमचे बुधवारचे पत्र मला आज सकाळी मिळाले. त्यात तुम्ही लिहिले, "हे म्हणतात, साडभाऊ शहरात राहून ढिले पडले. कौशल्याची तीन दिवसांत सुटली, तर चंद्रकांता काही आकाशातून पडली नाही. उद्या गुरुवारी सकाळी कडी घालतो." म्हणजे आज तिसरा दिवस आहे. म्हणून आता मला खरे लिहावे लागते.

कौशल्याची तीन दिवसांत सुटली नाही. ती तिसऱ्या दिवशी मेली.

तिला कावीळ झाली नव्हती. दहाव्याला तुम्ही मला तुळशीच्या ओट्याजवळ थांबवून विचारले होते, "सोडली होती का जी तिनं?" तुम्ही इतक्या आशेने विचारले की मी हो म्हटले. मग तुम्ही कशी म्हणून विचारले तेव्हा मी म्हटले, तीन दिवस खोलीत ठेवली, सुटली, नंतर कावीळ झाली. तुम्ही डोळे पुसले आणि म्हणालात, "चांगली होऊन गेली माही बहीण." मला त्या वेळी वाटले, एवढे बोलून कोणाचे काय बिघडते. तेच बोलणे तुमच्या घरी औषध म्हणून ठेवले जाईल हे माझ्या ध्यानात आले नाही. चंद्रकांताच्या दाराला कडी केशवरावांनी घातली असेल, पण ती माझ्या शब्दावर घातली आहे.

झाले ते असे. जानेवारी ब्याऐंशीमध्ये मला मोरीत फिनेलच्या बाटलीत मोहाची दारू सापडली. फिनेल धुऊन काढून त्यात भरलेली. घरात फिनेलचा वास का येत नाही याचे मला त्या आधी नवल वाटायला हवे होते. आमच्या घरी मंडळाच्या सभा होत, ती सगळ्यांना चहा देत असे, आणि मी तिथे बसून दुसऱ्यांच्या घरांबद्दल बोलत असे. मी तिला काही बोललो नाही. मला ओरडता येत नाही. मी बाटली ओतून दिली आणि मागच्या खोलीत तिचे अंथरूण टाकले. म्हटले, "तीन दिवस इथं राहाय. कोणाले काही सांगायचं नाही." ती आपल्या पायाने आत गेली. मी बाहेरून कडी घातली आणि ड्यूटीवर गेलो. शेजारच्या शकुनबाईंना सांगितले की ती माहेरी गेली आहे. दामू तेव्हा नागपूरला शाळेच्या वसतिगृहात होता.

पहिल्या दिवशी तिने उलट्या केल्या. दुसऱ्या दिवशी सगळे अंग थरथरत होते आणि अंथरूण घामाने भिजले होते. जानेवारीची थंडी. मला म्हणाली, "थोडीशी द्या जी. झाकणभर द्या. माह्या जीवाले काही तरी होऊन राहिलं." मी म्हटले, उद्याचा एक दिवस. संध्याकाळी कामावरून आलो तर ती मांडी घालून बसली होती आणि रिकाम्या हातांनी पाखडत होती. हातात सूप असल्यासारखी. मधूनच थांबून धानातला खडा वेचावा तशी चादरीवरून काहीतरी वेचायची आणि बाजूला टाकायची. मी नाव घेतले तर म्हणाली, "थांबा, आक्काच्या घरचं धान हाय, साफ करून देतो."

तेव्हा मी तिला दवाखान्यात न्यायला पाहिजे होते. रिक्षा क्वार्टरच्या तोंडाशी मिळत होती. मी नेले नाही. रिक्षात बसवताना लोक विचारतील, एवढाच विचार केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला फेफरे आले. डोके भिंतीवर आपटल्याचा आवाज शकुनबाईंनी ऐकला आणि त्या आल्या. "भाऊजी, तुम्ही त म्हणत होते का माहेरी गेली!" असे म्हणून त्यांनी मला बाजूला सारून कडी काढली. त्यांच्याच पुतण्याच्या जीपमध्ये आम्ही तिला भंडाऱ्याला नेले. शकुनबाई सोबत होत्या. दवाखान्यात निर्मलाबाई ड्यूटीवर होत्या. त्यांनी तिचे हात पाहिले, जीभ पाहिली आणि मला विचारले, "दारू घेतात का या?"

मी नाही म्हटले.

शकुनबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. मी म्हटले, "आमच्या घरी चालत नाही. मी मंडळाचा चिटणीस आहे."

मग दवाखान्यातल्यांनी डोक्यात गेलेला मलेरिया धरून उपचार केले. त्यात त्यांची चूक नाही. मी जे सांगितले त्यावर केले. तिला आणखी दोनदा फेफरे आले आणि दुपारी चारच्या सुमारास ती गेली.

महिन्याभराने मी जाऊन निर्मलाबाईंना खरे सांगितले. त्या म्हणाल्या, "आता सांगून राहिले तुम्ही?" आणि त्यानंतर म्हणाल्या, "पुढच्या बाईले मी एकटीले इचारीन." तो चहाच्या टपरीचा नियम असा झाला. परक्या बाईला मी सांगू शकलो, पण तुम्हाला सांगितले नाही. तुम्हाला सांगितले असते तर आज कडी लागली नसती.

एक गोष्ट तुमच्या मनात असेल म्हणून लिहितो. दामूच्या वेळी तुमची आई हयात नसल्याने कौशल्याचे बाळंतपण तुमच्याकडे झाले. धुरपता सुईणीने तिला अंगात ऊब यावी म्हणून मोहाची दिली, आणि पेला तुम्ही धरला होता असे तुम्ही मला एकदा म्हणालात. तो दोष घेऊ नका. बाळंतिणीला द्यायची ती रीतच होती, सव्वा महिन्याने बंद होते. हिची बंद झाली नाही, हे विचारायला घरात माणूस होता. तो मी होतो.

तुम्ही म्हणाल, इतके आहे तर तेजरामला कशाला पाठवले, स्वतः का आला नाही. एक तर आज शनिवार, डॉक्टर एकनंतर जातात. मला त्यांना थांबवायचे आहे आणि खाट धरून ठेवायची आहे. दुसरे कारण खरे आहे. मी आलो असतो तर केशवराव दारात उभे राहिले असते, तुम्ही सगळे माझ्याकडे पाहिले असते आणि मी पुन्हा हवा, झरोका असे काहीतरी बोललो असतो. सोमवारच्या पत्रात तेच केले. कोणी समोर पाहत असले की मला खरे बोलता येत नाही. हे मला दवाखान्यात कळले.

जीपमधून उतरताच चंद्रकांता किती घेत होती, शेवटची कधी घेतली, ते सगळे सांगा. कमी करून सांगू नका. कोण उभे आहे ते पाहू नका.

मी दवाखान्याच्या फाटकाशीच उभा असेन. आता तेजरामची बस आहे.

वासुदेव

*

जवाहरनगर,
रविवार, दि. ८ एप्रिल १९८४

सुलोचनाताईंस नमस्कार.

काल तुम्ही आणि केशवराव एकोडीला परत गेलात, मी सायंकाळी पुन्हा दवाखान्यात जाऊन आलो. चंद्रकांताने वरणभात खाल्ला. हात अजून थोडे कापतात, पेला दोन्ही हातांनी धरते. मला पाहून म्हणाली, "भाऊजी, इथल्या वरणात मीठ नाही टाकत का बाप्पा?" सिस्टर म्हणाल्या, चव कळू लागली म्हणजे बरे आहे. पण त्यांनी हेही सांगितले की सुटली असे कोणी समजू नये. ती पुन्हा मागेल, कदाचित पुन्हा घेईलही. घेतली तर मारायचे नाही, कोंडायचे नाही, गुरुवारी आणायचे. मोहफुलांचे दिवस आहेत, ती वेचायला जाणाऱ्या बायकांबरोबर तिला या वर्षी पाठवू नका.

मागच्या शनिवारची जीप पावणेतीनला आली. तिला वाटेत एकदा फेफरे येऊन गेले होते, आणि तिचे डोके तुमच्या मांडीवर होते. सिस्टरांनी केशवरावांना बाहेर चहाला जायला सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मी घरचा कर्ता हावो, मी काहून जाऊ?" आणि तुम्ही त्यांना म्हणालात, "जा जी तुम्ही. इतके दिवस कर्ते होते, आता घडीभर चहा प्या." तुम्ही त्यांना असे बोललेले मी कधी ऐकले नव्हते. ते गेले. मीही गेलो. टपरीवर आम्ही दोघे बसलो. त्यांनी चहा घेतला नाही. मग म्हणाले, "साडभाऊ, मी कडी घातली त ती काही बोलली नाही. हसली मले पाहून." मी म्हटले, कौशल्याही आपल्या पायाने गेली होती.

आत तुम्ही सगळे सांगितलेत. रोजचे किती, सकाळी उठल्या उठल्या लागते तेही. डॉक्टर म्हणाले, एवढे नीट सांगितले म्हणून औषध बरोबर बसले.

गुरुवारी मी मंडळाच्या सभेत कौशल्याचे सांगितले. लिहून नेले होते, ते वाचले. सोमाजी उठून गेले. शकुनबाई बसून राहिल्या. शपथेचा कागद आता पुरुषांपुरता राहणार नाही. चिटणीस दुसरा नेमा असेही मी म्हटले, त्यावर अजून निर्णय नाही.

दामूला अजून सांगायचे आहे. पुढच्या आठवड्यात नागपूरला जाणार आहे.

आता तुमच्या प्रश्नाचे. बुधवारी व्हरांड्यात तुम्ही मला विचारले, "कौशल्या शेवटी काय म्हणली होती?" मी गरम पाणी आणतो म्हणून उठून गेलो. तुम्ही दुसऱ्यांदा विचारले नाही. मी तुम्हाला एक पत्र सगळे खरे म्हणून लिहिले, पण त्यात एवढे सोडले होते.

मी पहिल्यांदा नाही म्हटले ते व्हरांड्यात. सिस्टरांना ते पटले नसावे. त्या आत गेल्या आणि तिच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाल्या, "बाई, खरं सांगा. दारू घेता का तुम्ही?" तिला तेव्हा थोडी शुद्ध होती. मी खाटेच्या पायाशी उभा होतो, पण तिला मी दिसलो असेन असे वाटत नाही, डोळे छताकडे होते. तिला हो म्हणता आले असते. ती म्हणाली,

"यायले इचारा. हे खोटं नाही बोलत."

सिस्टर वळल्या आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. तेव्हा शकुनबाई पाणी आणायला गेल्या होत्या. तिथे दुसरे कोणी नव्हते. मी पुन्हा नाही म्हटले.

त्यानंतर ती काही बोलली नाही.

तुम्हाला या पत्राचे उत्तर द्यावेसे वाटले नाही तर ते योग्यच आहे. दर गुरुवारी मी दवाखान्याच्या फाटकाशी असतो, चंद्रकांताला घेऊन याल तेव्हा माझ्याशी न बोलता आत गेलात तरी चालेल, पण तिला आणत जा.

जिने माझ्यावर भरवसा ठेवला तिचा नवरा,
वासुदेव